श्रद्धांजली सभेत पाच मिनिटं बोलायचंय: लिहायचं कसं, वाचायचं कसं

कोरा कागद (धागाकर्ता)

"परवा शोकसभा आहे, घरच्यांच्या वतीने मी बोलायचं ठरलंय, काही सुचत नाहीये." हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत इतक्यांदा येतो की सगळं एकदा एका जागी असावं म्हणून हा धागा. "मनापासून बोला" हे उत्तर खरं असलं तरी कामाचं नाही. मनापासून सगळेच बोलतात, गडबड होते ती कागदावर.

आधी वेळ. किती जण बोलणार, आपण कितवे आणि आपल्याला किती मिनिटं, हे विचारून घ्या. कुणी काही सांगितलं नाही तर ५ मिनिटं धरा. अशा वेळी माणूस सावकाश, थांबत थांबत वाचतो. मिनिटाला ९० ते १०० शब्द होतात, म्हणजे ५ मिनिटांना ४५० शब्द पुरतात. इंग्रजी लेखांत याहून बराच मोठा आकडा दिलेला असतो, तो आपल्याला लावू नका. "त्यांच्याबरोबरच्यांनासुद्धा" हा मराठीत एकच शब्द मोजला जातो.

मग माल गोळा करा. लगेच लिहायला बसलात तर तीन वाक्यांत अडाल, कारण डोक्यात दुःख असतं, तपशील नसतो. चार-पाच फोन करा: एक नात्यातलं माणूस, एक कामावरचं, एक शेजारचं, एक जुन्या मित्रांपैकी आणि एक वयाने बरंच लहान. "त्यांच्याबद्दल काहीतरी सांगा" म्हटलं की "फार चांगले होते हो" एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा असं विचारा:

- फोन उचलल्यावर पहिला शब्द कोणता असायचा?
- कशावरून चिडायचे?
- कुठल्या वस्तूला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत?
- त्यांचं कुठलं वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलंय?
- त्यांच्यामुळे तुम्हाला कुठली बारीकशी सवय लागली?

उत्तरं सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपून घ्या, सुधारू नका. २०-२५ नोंदी जमल्या की थांबा. वापरायच्या आहेत तीन. उरलेल्या वाया जात नाहीत, त्यांच्यामुळेच तीन निवडता येतात.

नोंदी समोर पसरून एक वाक्य काढा, "हिने कुठलीही गोष्ट कधी अर्धवट सोडली नाही" असं. हे तुमचं सूत्र. भाषणात ते आलंच पाहिजे असं नाही, पण तीनही प्रसंग त्याला बांधलेले हवेत. सूत्रात न बसणारी नोंद कितीही गोड असली तरी बाजूला काढा.

मांडणी साधारण अशी: सुरुवातीला ५० शब्दांत आपण कोण आणि नातं काय (अर्ध्या लोकांना ते माहीत नसतं), मग प्रत्येकी १०० शब्दांचे तीन प्रसंग, शेवटी ६०-७० शब्द. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती ही सगळी सनावळी निवेदकाकडे द्या किंवा छापील पत्रकात टाका. भाषणात ती आली की पहिली दोन मिनिटं तिथेच जातात आणि लोक मनात वयाचे हिशेब करत बसतात.

---

टाचणी

धागा उत्तम. भर घालतो ती विशेषणांची.

मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी, शिस्तप्रिय, प्रेमळ. ही पाच विशेषणं कुठल्याही भाषणातून उचलून दुसऱ्या भाषणात ठेवा, काहीही बिघडत नाही. तीच त्यांची अडचण आहे. पहिला मसुदा झाला की प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा आणि समोर लिहा: "कशावरून?" उत्तर देता आलं तर ते उत्तर ठेवा, विशेषण काढा. उत्तर नसेल तर दोन्ही काढा.

नमुना देतो. मसुदा:

*"बाबा अतिशय शिस्तप्रिय आणि वाचनप्रेमी होते. पुस्तकांवर त्यांचं नितांत प्रेम होतं. पुस्तकं कशी हाताळावीत हे त्यांनी आम्हाला शिकवलं."*

दुरुस्त केलेला:

*"बाबांनी पुस्तकाचं पान कधी दुमडलं नाही. खुणेला बसची जुनी तिकिटं. ती एका डब्यात साठवलेली असायची. परवा कपाटातलं एक पुस्तक काढलं, तर चाळिसाव्या पानावर तिकीट निघालं. ते पुस्तक त्यांचं वाचायचं राहिलं."*

शब्द थोडे वाढले, पण आता तो माणूस दिसतो. शेवटच्या वाक्यात दुःख कुठे बोलून दाखवलेलं नाही, तरी सभागृह तिथे गप्प होईल. "नितांत" असं कुणी घरात बोलतं का, हाही प्रश्न आहेच.

"कधीही न भरून निघणारी पोकळी", "काळाने घाला घातला", "नियतीच्या मनात काही वेगळंच होतं" ही वाक्यं वर्तमानपत्री आहेत. त्याच सभेत इतर तिघांकडून ती येणारच आहेत. तुम्ही चौथे होऊ नका.

---

अर्धविराम

भाषेच्या दोन-तीन जागा, जिथे हमखास पाय घसरतो.

एकेरी की आदरार्थी? घरात "आई म्हणायची", पण सभेत समोर मोठी माणसं, म्हणून अचानक "आई म्हणत असत". मग पुढच्या परिच्छेदात पुन्हा "ती चिडली". ऐकणाऱ्याला दोन बायका वाटतात. घरात जे म्हणत होता तेच ठेवा आणि शेवटपर्यंत ठेवा. मुलाने आईला एकेरी म्हटल्याचं कुणालाही खटकत नाही. सासू, वरिष्ठ, शिक्षक असतील तर "त्या", "ते", आणि तिथेही डळमळायचं नाही. मसुदा झाला की फक्त क्रियापदं वाचत जा, घोटाळा लगेच सापडतो.

काळ. "बाबांना मोगरा आवडतो" असं तोंडून जाणारच, अजून सवय गेलेली नसते. बोलताना गेलं तर दुरुस्त करू नका. कागदावर मात्र "-चा, -ची, -चे" हा सवयीचा भूतकाळ वापरा: उठायचे, म्हणायची, हसायचा. "ते उठत असत" पुस्तकी वाटतं आणि "ते उठले" म्हणजे एकदाच उठले. सवय सांगायला "उठायचे" इतकं नेमकं रूप मराठीत दुसरं नाही.

वाक्याची लांबी. "ज्यांनी... त्या..." असली दोरखंडी वाक्यं डोळ्यांनी वाचता येतात, दाटलेल्या गळ्याने नाही. एका श्वासात मावेल तेवढंच वाक्य. १२ शब्दांच्या वर गेलं की तोडा.

आणि जोडाक्षरं. "कृतज्ञतापूर्वक" हा शब्द रडवेल्या आवाजात म्हणून बघा.

---

मंद्र

मी वाचनाच्या बाजूने लिहितो, कारण उत्तम लिहिलेली भाषणंही माइकवर मार खातात.

*कागद.* मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन मधेच काळी होते, फोन वाजतो, अंगठा लागून मजकूर तिसऱ्याच जागी सरकतो. छापील प्रत घ्या. देवनागरी १२ च्या टाइपात छापली की रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ पाणावलेल्या डोळ्यांना दिसत नाहीत. टाइप १८, ओळींत दुप्पट अंतर, कागदाची एकच बाजू. ओळ समासाला टेकेपर्यंत जाऊ देऊ नका, जिथे थांबायचंय तिथे तोडा:

खुणेला बसची जुनी तिकिटं.
*(थांबा)*
ती एका डब्यात
साठवलेली असायची.

पानाचा खालचा तिसरा भाग कोरा ठेवा. नजर तिथपर्यंत गेली की मान खाली जाते आणि आवाज माइकपासून दूर. पानांना मोठे आकडे घाला, स्टेपल मारू नका: वाचून झालेलं पान नुसतं बाजूला सरकवता आलं पाहिजे. कागद हातात थरथरतो आणि ते लांबूनही दिसतं. पुढे पोडियम नसेल तर पुठ्ठ्याच्या फाइलवर ठेवून धरा.

*गळा का दाटतो?* रडू येतं तेव्हा शरीराला जास्त हवा हवी असते, म्हणून स्वरयंत्रातली फट उघडी राहू पाहते. गिळताना मात्र ती बंद व्हावी लागते. या ओढाताणीत स्नायू ताणले जातात आणि गोळा अडकल्यासारखं वाटतं. त्या अवस्थेत जोर लावून बोललं की आवाज फाटतो. दीर्घ श्वास घ्या असं सगळे सांगतात, पण भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबून भागत नाही. उलट करा: आधी सगळा श्वास सावकाश *सोडा*, पाण्याचा एक छोटा घोट घ्या, मनात चार मोजा, आणि अडलेलं वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणा. मधूनच उचललं की पुन्हा तिथेच अडतं. ही शांतता तुम्हाला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्यांना पाच सेकंद वाटतात.

*माइक.* तोंडापासून चार बोटं ते वीतभर, हनुवटीच्या किंचित खाली. अगदी समोर धरलात तर प, फ, ब, भ फुटतात, आणि "बाबा" हा शब्दच भाषणभर आहे! जाळीवर हाताची मूठ आवळू नका, शिट्टी वाजते. सभा सुरू व्हायच्या आधी जाऊन पोडियमची उंची बघा, माइक चालू-बंद कुठून होतो ते बघा, पाण्याचा ग्लास ठेवा. बाटली नको, झाकण काढताना हात कापतात.

*सराव.* मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून किमान तीनदा. पहिल्या वेळी जिथे रडू येईल तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या वेळीही तिथेच आलं तर ते वाक्य छोटं करा आणि त्याच्या *पुढचं* वाक्य अगदी साधं, माहितीवजा ठेवा. आवाजाला टेकायला जागा मिळते.

---

वाटसरू

सगळं पटलं, एक सोडून. कागदावरून वाचलेलं कोरडं वाटत नाही का? चार मुद्दे लक्षात ठेवून बोलणं जास्त आपलं वाटतं.

---

मंद्र

@वाटसरू, सराईत वक्त्यालाही इथे मुद्दे दगा देतात. मुद्दा आठवतो, वाक्य आठवत नाही, मग माणूस भरीला "म्हणजे काय सांगू" म्हणू लागतो. त्यातून ५ मिनिटांची १४ होतात, कारण शेवट कुठे आहे ते बोलणाऱ्यालाच माहीत नसतं.

मधला रस्ता आहे. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करा आणि ती लोकांकडे बघून म्हणा, मधलं वाचा. बघायचं कुणाकडे, हेही आधी ठरवा. पहिल्या रांगेतल्या घरच्यांकडे नको, तिथे नजरानजर झाली की संपलं. मागच्या भिंतीवर डोक्यांच्या किंचित वर दोन जागा निवडा.

---

टाचणी

पूर्ण असहमत नाही, पण मुद्द्यांवर बोलणाऱ्यांनी निदान तीन प्रसंगांची *शेवटची* वाक्यं तरी शब्दशः लिहावीत. प्रसंग सुरू करणं सोपं असतं, त्यातून बाहेर पडता येत नाही.

---

गवाक्ष

विनोद चालतो का? चालतो. दाटलेल्या सभागृहाला एकदा हसायला मिळालं की पुढचं नीट ऐकू येतं. दोनच अटी: विनोद गेलेल्या माणसाच्या ओळखीच्या लकबीवर असावा आणि तो जिवंत असता तर स्वतःच हसला असता असा असावा. तिऱ्हाइतावरचा विनोद नको, आजारपणावरचा नको. तो पहिल्या किंवा दुसऱ्या प्रसंगात ठेवा. शेवटाजवळ हशा आला की त्यातून समारोपाकडे वळायला वेळ मिळत नाही. आणि कुणी हसलंच नाही तर थांबू नका, पुढचं वाक्य तयार ठेवा.

---

उंबरठा

अवघड प्रसंगांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माणूस अवघड होता. तापट होता, व्यसन होतं, घर सोडून गेला होता. समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. "देवमाणूस" म्हटलंत की त्या घटकेला तुमच्या पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास उडतो. हिशेब चुकते करायची जागाही ती नाही, कारण समोरच्याला उत्तर देता येत नाही. खरी पण मापाची वाक्यं लागतात: "त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे." एवढं एक वाक्य सुरुवातीलाच, शांतपणे. मग त्यांनी जे खरोखर दिलं, भले एकच गोष्ट असेल, ती तपशिलात सांगा. दोन मिनिटांत संपवा. अशा भाषणाला लांबी हा शत्रू आहे. "बोलणार नाही" असं म्हणायचा हक्कही तुम्हाला आहे.

आत्महत्या. काय बोलायचं आणि काय नाही हे आधी अगदी जवळच्यांना विचारा. पद्धत सांगू नका, जागा सांगू नका. "अमुक कारणाने" असं एकच कारण देऊ नका, कारण ते जवळजवळ कधीच एक नसतं आणि सभेतल्या कुणाच्या तरी माथी ते बसतं. "सुटला बिचारा", "शांती मिळाली" ही वाक्यं टाळा: ऐकणाऱ्यांत त्याच काठावर उभं असलेलं कुणी असू शकतं. माणूस कसा जगला तेच बोला.

लांबलेलं आजारपण, स्मृतिभ्रंश. शेवटच्या चार वर्षांनी आधीची साठ झाकून टाकलेली असतात. आजाराला दोन वाक्यं द्या, ज्यांनी शुश्रूषा केली त्यांचं नाव घ्या, आणि मागे जा. आजाराचं नाव, दवाखान्यातले तपशील घरच्यांच्या परवानगीशिवाय नकोत.

लहान मूल गेलं असेल तर आयुष्याचा आलेख मांडायचा प्रयत्न करू नका. त्याचा एक दिवस सांगा: सकाळी उठल्यावर काय, झोपताना काय. "देवालाही चांगली माणसं हवी असतात" हे वाक्य आई-बापांसमोर कुणीही, कधीही म्हणू नये. इथे मी हट्टी आहे.

मुलं बोलणार असतील (आजी-आजोबांसाठी नातवंडं): चार-पाच वाक्यं, त्यांची स्वतःची. मोठ्यांनी लिहून दिलेलं लगेच कळतं. बाजूला एक मोठं माणूस प्रत घेऊन उभं असावं, आणि ऐन वेळी "नाही बोलायचं" म्हटलं तर वाद नको.

---

अर्धविराम

उंबरठांच्या प्रतिसादाला +१. पर्यायी वाचक मोठ्यांनाही हवाच. एक माणूस ठरवा, आदल्या दिवशी प्रत द्या, एकदा मोठ्याने वाचायला लावा, खूण ठरवा. नुसतं मागे वळून बघितलं की त्याने पुढे यायचं. बहुतेकदा गरज लागत नाही. तो मागे उभा आहे, एवढ्यानेच आवाज टिकतो.

दोन भावंडं मिळून बोलणार असतील तर परिच्छेद आलटून-पालटून घेऊ नका, शाळेच्या संमेलनासारखं होतं. एकाने पहिला अर्धा, दुसऱ्याने उरलेला. आणि सगळ्या बोलणाऱ्यांनी आदल्या दिवशी एकमेकांना फक्त प्रसंग कळवावेत. एकच किस्सा तीनदा ऐकावा लागणं ही अशा सभांतली सगळ्यांत नेहमीची चूक आहे आणि एका निरोपात ती टळते.

---

वाटसरू

हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेतात त्याचं काय?

---

टाचणी

त्याला विशेषणं दिली की तो विशेषणंच परत देतो, फक्त जास्त गुळगुळीत. तुमच्या २०-२५ नोंदी दिल्यात तर मांडणीला मदत होईल, वाईट नाही. पण आलेला मजकूर मोठ्याने वाचा. घरात कुणीही कधी बोललं नसेल असं प्रत्येक वाक्य काढा. आणि नावं, नाती, गावं, सालं एकेक करून तपासा. न घडलेला प्रसंग छान शब्दांत आला आणि तो तुम्ही सभेत वाचलात, तर पहिल्या रांगेतल्या लोकांना कळणारच.

---

कोरा कागद (धागाकर्ता)

चांगली भर पडतेय. लांबीबद्दल एक जुनं उदाहरण द्यायचं राहिलं. १९ नोव्हेंबर १८६३ ला अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीत मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट. ते सुमारे दोन तास बोलले. मग राष्ट्राध्यक्ष लिंकन उठले आणि पावणेतीनशेच्या आसपास शब्दांत, दोन-तीन मिनिटांत खाली बसले. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनीच लिंकनना पत्र लिहिलं की तुम्ही दोन मिनिटांत गाभ्याच्या जितके जवळ गेलात तितकं मला दोन तासांत जाता आलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडच्या वक्त्यांना हे पत्र पाठवायला हवं.

आणखी एक. मृत्युलेख आणि सभेतलं बोलणं यांत गल्लत होते. अत्र्यांच्या मृत्युलेखांची मोहिनी अजून उतरलेली नाही, त्यामुळे "गेल्या दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही" हा सूर आपोआप लागतो. तो सूर छापील पानावर आणि सार्वजनिक माणसाला शोभला. शेजारच्या काकांना तो लावला की काका हरवतात. मृत्युलेखाच्या वाचकाला माणूस ठाऊक नसतो, सभेतल्या सगळ्यांना ठाऊक असतो. म्हणून तिथे ओळख करून द्यावी लागते, इथे फक्त आठवण.

शेवटाबद्दल: शेवटची दोन-तीन वाक्यं थेट त्या माणसाला उद्देशून म्हणता येतात, "बाबा, तिकिटांचा डबा आता माझ्याकडे आहे." एकदाच, आणि तिथेच थांबायचं. त्यानंतर "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" जोडू नका. आभार मानायचे असतील तर ते निवेदकाकडे द्या.

---

गवाक्ष

ऐन वेळी नाव चुकलं तर? थोरल्या काकांच्या जागी धाकट्यांचं?

---

मंद्र

थांबायचं, बरोबर नाव घ्यायचं, पुढे जायचं. "सॉरी सॉरी" नको. टाळायचं असेल तर भाषणात येणारी सगळी नावं पहिल्या पानाच्या डोक्यावर, ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. स्वतःचं नावसुद्धा.